दुष्काळ नेमका कधी लागतो? मामा म्हणतो संपला, मावशी म्हणते आत्ता कुठं सुरू झालाय

राजारामपुरी_सातवी_गल्ली

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा येडपट वाटेल पण विचारतोच. परवा मावशीच्या गावात म्हाई होती, हातकणंगले तालुक्यात रामलिंगच्या डोंगराच्या अंगाला, गावाचं नाव राहू दे. जेवणाच्या पंगती उठल्या, पानाचा डबा फिरायला लागला आणि मामा-मावशीची जुंपली. विषय काय तर दुष्काळ. तालुका गेल्या ऑक्टोबरात (२०२३) सरकारनं दुष्काळी जाहीर केलाय त्यात कुणाचं दुमत नाही, भांडण हे की तो संपला का अजून चालू आहे.

मामाचं अडीच एकर माळरान आहे, सोयाबीन, भुईमूग आणि मागनं शाळू (रब्बीची ज्वारी). त्याचं म्हणणं दुष्काळ श्रावणात पडला, सोयाबीन गेलं, शेंग गेली, पुढं गौरी-गणपतीच्या टायमाला पाऊस आला, शाळू बरा उगवलाय, विषय संपला, गेलेल्याचं किती दिवस रडायचं. मावशीकडं रान नावाला अर्धा एकर आणि दावणीला चार म्हशी. ती म्हणाली, "तुझा दुष्काळ श्रावणात आला आन दिवाळीला गेला, माझा संक्रांतीला आलाय आन मिरगापातूर दावणीला बांधलाय." मामा गप्प बसला नाही, तीही बसली नाही, शेवटी आजीनं दोघांना दटावलं.

मी शहरात वाढलेला, आमच्याकडं दुष्काळ म्हणजे नळाला एक दिवसाआड पाणी. म्हणून इथल्या शेतीवाल्यांना आणि जनावरंवाल्यांना विचारतो, तुम्ही दुष्काळ लागला असं कशावरून धरता आणि संपला असं कशावरून? पावसाचे आकडे बघून का दुसरंच काही? दोघांत बरोबर कोण हे मला मावशीच्या हातचं परत जेवायचं असल्यामुळं जाहीर करायचं नाही, पण उत्सुकता आहे.

---

बाईक_अन_मिसळ

कोल्हापुरात दुष्काळ?? भावा पाच वर्षात दोनदा पंचगंगा घरात आलती आमच्या (२०१९ आन २०२१). दुष्काळ बघायचा तर माणदेशात जावा. उगं काहीतरी.

---

माळावरचा_गडी (कागल)

वरच्या मिसळवाल्या भावाला एकच सांगतो, गगनबावड्यात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतोय आन शिरोळात पाचशेच्या आसपास, दोन्ही एकाच जिल्ह्यात. तुझ्या दारात आलेलं पानी आमच्या माळावर चढत न्हाई. पूर आन दुष्काळ एकाच साली बघितलेली माणसं हाईत हितं.

आता प्रश्नाचं. मी कोरडवाहूवाला म्हंजे तुमच्या मामाच्या जातीचा. आमी मिलिमीटर मोजत न्हाई, नक्षत्र मोजतो. २०२३ चंच घ्या. मिरूग कोरडा गेला, ते बिपरजॉय वादळ आलं आन मोसमी वारं कोकणातच अडकून बसलं, पार जून सरत आला तवा पाऊस. तरी म्हटलं चालतंय, आठ-पंधरा दिस लेट. जुलैत पडला, चांगला पडला, तरण्या पावसानं हात दिला, पेरा साधला. आन मग बंद. आश्लेषा कोरडी, मघा कोरडी. त्या साली श्रावण दोन, अधिकातला निम्मा तरी भिजला, निजातला पार वाळवण. पुढं टीव्हीवर सांगालते की १९०१ पासनं एवढा कोरडा ऑगस्ट देशात झाला न्हवता. आमाला त्ये टीव्हीच्या आधीच कळलंतं.

कशावरनं कळलं त्ये सांगतो. भुईमुगाला फुलं येत्यात, फुलाखालनं आऱ्या सुटत्यात आन त्या खाली वाकून मातीत घुसत्यात, तितं शेंग धरती. ऑगस्टच्या मधल्या आठवड्यात मी रानात बसून एक येल हातात धरला तर आऱ्या सुटल्यात पर माती अशी आवळल्याली की टोक मातीला टेकून तितंच वाळल्यालं, सुईचं टोक मोडल्यागत. एका येलाला मी सतरा मोजल्या, आत गेल्या चार. बापूस बांधावर हुबा होता, त्येला म्हटलं बघा, तर त्यो बघायलाबी आला न्हाई, म्हणाला "दुपारी सोयाबीननं पान उलटं केलं तवाच बघितलं." पान उलटं करतंय म्हंजे पांढरी बाजू वर करतंय, लांबनं रान चुन्यागत दिसतंय. त्यो दिवस आमचा दुष्काळाचा पयला दिवस. सरकारी कागुद त्येच्यानंतर दोन-अडीच म्हयन्यानं आला.

नंतर उत्तरा नक्षत्रात पडला की पाऊस. आकड्यात बघाल तर भरपाई झाल्यागत दिसल. पर पापड्या झालेल्या शेंगंत दाना कुटनं भरायचा? म्हणून सांगतो, आमच्यात पाऊस "किती" ह्येला अर्थ न्हाई, "कवा" ह्येला हाय. आन संपला कवा म्हणाल तर पुढचं पेरून उगवलं की संपला, मामा बरोबर बोलतोय. शेतकऱ्याला विसरावंच लागतंय न्हाईतर चाड्यावर मूठ कशी धरायची.

---

ऊस_आणि_मी (करवीर)

बागायतवाल्याचा दुष्काळ तिसराच असतो बरं का. आम्हाला ऑगस्टात काही कळत नाही, ऊस तसाच उभा. आमचा दुष्काळ फेब्रुवारी-मार्चात पाटबंधारेच्या नोटिशीवर येतो, "उपसाबंदी". अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत नदीवरच्या मोटारी बंद. मग गावात चर्चा एकच, धरणात किती टीएमसी राहिलंय, वरच्या बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) नीट बसलेत का, वरच्या गावानं पाणी आडवलंय का. हे बंधारे आपल्याच नावानं राज्यभर ओळखले जातात, कोल्हापूर पद्धतीचे, आणि राधानगरी धरण तर शाहू महाराजांनी बांधायला काढलेलं, त्यामुळं आपल्याकडं "पाणी आहेच" हे डोक्यात पक्कं बसलंय. एकदा उपसाबंदी उठली तेव्हा लाईट नव्हती, लाईट आली तेव्हा परत बंदी, अडसालीचे दोन फड करपले. नदीत पाणी दिसतंय, मोटार जागेवर आहे आणि रान तहानलेलं, हा प्रकार कोरडवाहूपेक्षा जास्त डोकं फिरवणारा आहे. अर्थात ऊस मरत नाही लवकर, टनेज मरतं. रडगाणं गायचा हक्क आमचा कमी आहे, मान्य.

---

म्हशीवाली_वहिनी (हातकणंगले)

तुमच्या मावशीचं गाव माझ्या गावापासनं लांब नसंल बहुतेक. मी सहसा इथं लिवत नाही, वाचती फक्त, पण आज धारा लवकर झाल्या म्हणून लिवती, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

माझ्याकडं तीन म्हशी होत्या आता दोन हाईत. मावशी म्हणतात ते अक्षर न अक्षर खरंय आन का खरंय ते सांगती. शाळू आमचा सुद्धा उगवला. पण उगवला म्हंजे काय, कमरेएवढा. कणीस आलं पण ताटाला उंचीच नाही, धाटं बोटाएवढी. घरातला गडी कणीस बघतो आणि म्हणतो पिकलं, मी ताट बघती. जोंधळ्याची चार पोती झाली ही त्यांची खुशी, आन कडब्याच्या पेंढ्या नऊशे झाल्या हे माझं मरण. दरसाल दोन हजाराच्या वर होत्यात. तीन म्हशींना हिरवं नसलं तर दिवसाला पंधरा पेंढ्या लागत्यात, नऊशेला पंधरानं भागा, साठ दिवस. मकरसंक्रांतीपासनं मृगापर्यंत किती दिवस होत्यात ते तुम्हीच मोजा, मी दरवाज्यामागं कोळशानं रेघा मारल्यात. भुईमुगाचा पाला पण त्याच साली गेला, सोयाबीनचं भुसकट तर नावालाच. म्हंजे रानात जे जे ऑगस्टात वाळलं त्याचं बिल माझ्या गोठ्यात जानेवारीत आलं.

मग राहिलं वाडं, म्हंजे उसाचे हिरवे शेंडे. ऊसतोड चालू हाय तवर वाडं मिळतंय, सकाळी सहाला फडावर गेलं तर दोन भारे, आठला गेलं तर भांडणं. आन कारखान्याचा पट्टा पडला की वाडंबी बंद. ऊस कमी असला की कारखाना लवकर उरकतो. कारखान्याचं गाळप संपल्यावर बाकीच्या लोकास्नी ऊसबिलाची काळजी असती, मला उद्या सकाळी घालायचं काय ही.

तिसरी म्हस इकली ती सांगती. पहिल्या वेताची, घेतली तवा ८५ हजाराची. व्यापारी दावणीला आला, चहा घेतला. आता म्हस बघताना माणूस दात बघतो, कास बघतो, शेपटी धरून चालवून बघतो. ह्या गड्यानं कायसुदिक बघितलं नाही. उठला आन गोठ्यामागं जाऊन कडब्याची गंज बघून आला. गंज केवढी राहिली त्यावरनं त्यानं किंमत केली. ५२ हजार म्हणाला. मी म्हटलं वडगावच्या बाजारात न्हेती, तर म्हणाला "न्या की वहिनी, सगळा तालुका तितंच आलाय." खोटं नव्हतं बोलत. नवऱ्यानं बाजारात चक्कर मारली तर बांधायला जागा नव्हती. दिली ५२ ला. दावं आमचं ठेवून घेतलं, दावं द्यायचं नसतंय. रात्री बाकीच्या दोघी त्या मोकळ्या खुट्याकडं तोंड करून उभ्या.

आन दूध. डेअरीत मापाला गेलं की कळतंय, सकाळचं सहा लिटर होतं ते चारवर आलं, पुढं साडेतीन. फॅट लागली तर बरी लागती उलट, दूध आटतंय तसं घट होतंय, म्हणून पोरगं म्हणालं आई फॅट वाढली की. मी म्हटलं बाबा फॅट पिऊन पोट भरत नाही. दर दहा दिवसाच्या बिलातनं पेंडीचे पैसे आधीच कापून घेत्यात, एक बिल असं आलं की हातात एकशे चाळीस रुपये. ते मी खर्चलेच नाहीत, चिडून डब्यात ठेवलेत.

माझी नणंद आटपाडीकडं दिली आहे. २०१९ ला ती जनावरं घेऊन छावणीत ऱ्हायली होती उन्हाळाभर, तितंच चूल, तितंच पोरांचा अभ्यास. ती मला फोनवर म्हणती तुमचं बरं हाय गं, नदीकाठ हाय. हाय खरा. पण नदी आमच्या गोठ्यापासनं सात किलोमीटर आन मधी सगळा ऊस दुसऱ्याचा.

---

माळावरचा_गडी (कागल)

वहिनी ते गंजीचं वाचून अंगावर काटा आला. खरंच करत्यात व्यापारी असं. आमच्या गल्लीत एकानं गंजीच्या आत पाचट कोंबून वरनं कडबा लावलाता, गंज मोठी दिसावी म्हणून. दोन हजार जास्त मिळालं त्येला.

---

निवृत्त_तलाठी

सर्वांचे वाचले. नोकरी महसूलमध्ये झाली त्यामुळे दुसऱ्या बाजूने थोडे लिहितो, कुणी अंगावर येऊ नये.

पूर्वी आपल्याकडे आणेवारी, म्हणजे पैसेवारी (रुपयात किती पैसे पीक आले याचा अंदाज), हेच सगळे. पन्नास पैशांच्या आत आली की टंचाई. नजर पैसेवारी, मग सुधारित, मग खरिपाची अंतिम डिसेंबरात. बांधावर उभे राहून चौकोन आखायचा, कापणी करायची, वजन घ्यायचे आणि तेवढ्यात गावातले चार लोक "भाऊसाहेब जरा कमी लावा" म्हणून उभे. २०१६ ला दुष्काळ व्यवस्थापनाची नवी संहिता आली, त्यानंतर आधी पाऊस आणि पावसातला खंड, तीन-चार आठवड्यांचा, ते बघायचे, मग उपग्रहावरून पिकांची हिरवाई, जमिनीतला ओलावा, पेरणी क्षेत्र, धरणे-भूजल, आणि शेवटी दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी. पिकाचे नुकसान तेहतीस टक्क्यांच्या वर असेल तर मध्यम आणि पन्नासच्या वर असेल तर तीव्र.

३१ ऑक्टोबर २०२३ ला राज्यातले ४० तालुके जाहीर झाले, २४ तीव्र आणि १६ मध्यम. आपल्या जिल्ह्यातले दोन, हातकणंगले आणि गडहिंग्लज, दोन्ही मध्यम. शेजारचा शिरोळ त्यात नव्हता. म्हणजे शिवेच्या अलीकडे दुष्काळ आणि पलीकडे नाही, बांधावरच्या बाभळीला विचारले तर तिलाही सांगता आले नसते. नंतर नोव्हेंबरात राज्यातल्या हजाराहून जास्त महसूल मंडळांना दुष्काळसदृश म्हणून सवलती दिल्या, कारण ही तक्रार सगळीकडूनच होती.

आता राजारामपुरीवाल्यांच्या प्रश्नाचा मुद्दा. त्या जाहीरनाम्यातल्या सवलती आठवून बघा. जमीन महसुलात सूट, पीक कर्जाचे पुनर्गठन, शेती कर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, परीक्षा शुल्क माफी, रोजगार हमीच्या निकषात शिथिलता, टँकर, आणि थकबाकीसाठी पंपाची वीज न तोडणे. आठ झाल्या. यात वैरण हा शब्द नाही, चाऱ्याचे वेगळे बघतात, छावणी काढायची तर वेगळा आदेश, वेगळे दर. २०१९ ला शेवटी मोठ्या जनावराला दिवसाला १०० आणि लहानाला ५० रुपये झाले होते. आमचे कागद खरीप पिकाभोवती फिरतात आणि दिवाळी ते डिसेंबरात बहुतेक सगळे बंद होतात. वहिनींचा हिशोब जानेवारीत उघडतो. मी तीस वर्षे हे काम केले आणि ही गोष्ट मला आज पहिल्यांदा अशी सरळ दिसली, खरे सांगतो.

---

ऊस_आणि_मी (करवीर)

भाऊसाहेब, विम्यातपण तेच आहे की. एक रुपयात पीक विमा होता २०२३ ला, त्यात एकवीस दिवस खंड पडला तर २५ टक्के आगाऊ वगैरे. पण कशाला? सोयाबीन, भुईमूग, भात. दूध आटलं त्याचा विमा कुठं असतो? म्हस मेली तर आहे. म्हणजे ती मरेपर्यंत थांबायचं.

---

डोंगराआड (भुदरगड)

आमच्या पश्चिम भागाबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहितोय. तुम्हाला वाटतंय इकडं धो धो पाऊस, दुष्काळाचा संबंध काय. वाड्या-वस्त्यांवर येऊन बघा एप्रिलात. पाऊस पडतोय पण जमीन जांभ्याची, उताराची, पडलेलं पाणी डोळ्यादेखत ओढ्याला, ओढ्यातनं नदीला, नदीतनं तुमच्याकडं. आमच्या धनगरवाड्यावर बायका मार्चनंतर झऱ्यावर वाटीनं पाणी भरतात, वाटीनं म्हणजे खरोखर वाटीनं, झऱ्यात कळशी बुडत नाही.

आमच्यात भात धूळवाफेवर पेरतात, वळीव होऊन गेला की मे अखेरीला कोरड्यातच. हा सट्टाच आहे, मृग वेळेवर आला तर आमच्याएवढा शहाणा कोणी नाही. २०२३ ला मृगानं दगा दिला, वरवरच्या ओलीवर मोड आले आणि उन्हानं गेले. ज्यांनी पेरायला आळस केला ते वाचले, तेव्हापासून एका आळशी चुलतभावाचा गावात मान वाढलाय.

आणि आमचा दुष्काळ कळायची खूण सांगू? गवा. राधानगरीच्या जंगलातली गवत-पाण्याची ठिकाणं वाळली की गवे कळपानं खाली उतरतात. जानेवारीत गवा शिवारात दिसला तर म्हातारी माणसं म्हणतात यंदा उन्हाळा कडक. एका रात्रीत मक्याचं अर्धं रान सपाट. जनावरांसाठी ठेवलेलं हत्तीगवत सुद्धा सोडत नाहीत. माझ्या म्हशीची वैरण गव्यानं खाल्ली तर ती कुठल्या संहितेत बसते भाऊसाहेब?

---

निवृत्त_तलाठी

वन विभागाच्या. पंचनाम्याला फोटो लागतो, सकाळी शेण आणि खुरांचे ठसे पुसायच्या आत काढा.

---

बिरोबाच्या_नावानं

मी पोरगा लिवतोय, आबा सांगत्यात. आमची दीडशे बकरी हाईत. (बकरी म्हंजे मेंढरं, शेरातल्या लोकास्नी शेळ्या वाटत्यात.)

आबा म्हणत्यात आमाला रानबी न्हाई आन गंजबी न्हाई, आमचा दुष्काळ वाटंवर असतोय. पावसाळ्यात आमी पूर्वेला जातो, कमी पावसाच्या मुलखात, बकऱ्यास्नी चिखुल सोसत न्हाई. दिवाळी झाली की मागं फिरतो, भाताची रानं मोकळी झाल्याली असत्यात, शेतकरी बकरी बसवाय बोलवतो, खत त्येला, पैसं-धान्य आमाला. त्या साली पूर्वेला गवात न्हवतं, तळी आटल्याली, तवा दसऱ्याच्या आधीच माघारी आलाव. हितं तर रानं मोकळी न्हाईत. हुबं पीक आन बाजूला सगळा ऊस, पड जमीन हाय कुटं आता. तीन आठवडं रस्त्याच्या कडंनं काढलं. वाटंत आकरा बकरी गाभडली. कोकरू जल्माला आलं तरी आईला दूध न्हाई.

पट्टणकोडोलीच्या जत्रंत भाकणूक (देवाचं भाकीत) ऐकाय आमचं आबा दरसाल जात्यात. पाऊसपान्याचं काय सांगितलं त्ये ऐकून मगच पुढची वाट ठरवत्यात. मी मोबाईलवर हवामान बघतो. त्या साली दोघंबी चुकलो, तर आबा म्हणालं मोबाईलचा देव नवा हाय, आमचा जुना, दोघास्नीबी माफ कर.

कवा संपला इचारलंय त्येचं आबा म्हणत्यात, वळवाचा पयला पाऊस पडून आठ दिसांनी हिरवी कोंबं दिसली की संपला. पर तवा जपायचं, उपाशी जनावर कवळं गवात हापापून खातंय आन पोट फुगतंय. दुष्काळात न्हाई मेलं त्ये सुगीत मरतंय.

---

गोठ्यातला_डॉक्टर

आबांचं शेवटचं वाक्य प्रत्येक गोठ्यात लिहून लावायला पाहिजे. त्यात भर म्हणून, पाण्याअभावी खुरटलेली कोवळी ज्वारी अजिबात घालू नका, त्यात विष तयार होतं, तासाभरात जनावर आडवं. फुलोरा आल्यावर किंवा चांगली सुकवून.

आणि वाड्याबद्दल. महिनोन्‌महिने नुसत्या वाड्यावर ठेवलं की त्यातल्या ऑक्झलेटमुळं अंगातलं कॅल्शियम कमी होतं, जनावर खंगतं, हाडं ठिसूळ होतात. कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपडा, खनिज मिश्रण द्या, नुसतं वाडं देऊ नका.

पण मला मूळ वादात मावशींच्या बाजूनं साक्ष द्यायची आहे. मावशी म्हणाल्या मृगापर्यंत, मी म्हणतो तिथंपण संपत नाही. म्हैस उन्हाळ्यात आधीच मुका माज दाखवते (माजाची खूण बाहेर दिसत नाही), त्यात पोटाला कमी पडलं तर माजावरच येत नाही. फेब्रुवारी-मार्चात जी भरायची ती सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत लांबते. म्हशीचे गाभणकाळाचे दहा महिने दहा दिवस. म्हणजे विण्याला पुढच्या वर्षीचा पावसाळा उजाडतो. सहा-सात महिने भाकड सांभाळायची, रोज वैरण आणि ७०-८० लिटर पाणी घालायचं आणि धार नाही. पाऊस पडून गेला, रान हिरवं झालं, सगळे म्हणतात दुष्काळ संपला, आणि गोठ्यात तो अजून चालू. मी कृत्रिम रेतनाच्या वहीत बघतो ना, दुष्काळाच्या पुढच्या वर्षीचं पान बघितलं की कळतं. मामांचा दुष्काळ चार महिन्यांचा, मावशींचा दीड वर्षाचा.

भाकड म्हैस विकायची का ठेवायची हे विचारायला रोज चार फोन येतात. उत्तर गंज बघून द्यावं लागतं, त्या व्यापाऱ्यासारखंच. वाईट वाटतं.

---

पुराकाठी_शिरोळ

डॉक्टर बरोबर. आमचं वेगळंच. २०१९ च्या ऑगस्टात गंज पाण्यात, आठ दिवसांनी बघितली तर काळी पडून वाफ निघालती. कोरड्यात निदान वैरण कमी असते, पुरात असलेली कुजते. म्हशीला कारण सांगून काय उपयोग, ती आ वासून बघते.

---

बाईक_अन_मिसळ

वरती मी जे लिहिलं त्याबद्दल सॉरी. आमच्या घरी रोज दोन लिटर म्हशीचं दूध येतं, ते कुठनं येतं हे माहीत नव्हतं असं नाही, पण असं माहीत नव्हतं.

---

माळावरचा_गडी (कागल)

वहिनी, आन मावशीवाले भाऊ, एक कामाचं. मी गेल्या दोन सालापासनं थोडा मका मुरघासाला (हिरवी वैरण मुरवून ठेवायला) करतोय. कणीस चिकात असताना तोडायचा, कुट्टी करायची, पिशवीत तुडवून तुडवून भरायचा, हवा ऱ्हायली की बुरशी, तोंड गच्च बांधून दीड म्हयना हात लावायचा न्हाई. पयल्या साली आमी घाईनं भरलं, चार पिशव्या काळ्या निघाल्या, बापूस आठ दिस बोलला न्हाई. औंदा बरं झालंय. आंबूस वास येतोय, म्हशी पिशवीचा आवाज आला की वरडत्यात. माझ्याकडं वीस-बावीस पिशव्या जादा हाईत.

---

राजारामपुरी_सातवी_गल्ली

सगळ्यांचे आभार, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. काल रविवारी परत गेलो होतो गावाकडं, मावशीला गोठ्यातच सगळं वाचून दाखवलं. मामा पण आला होता, दारात उभा राहून ऐकत होता. आऱ्यांचं वाचलं तेव्हा तो नुसता "हां" म्हणाला. गंजीचं वाचलं तेव्हा मावशी उठून म्हशीला पाणी दाखवायला गेली, परत आली तर म्हणाली पुढं वाच. डॉक्टरांच्या दीड वर्षावर मामाकडं बघून हसली, बोलली काही नाही. जाताना मामानं त्याच्या शाळवातल्या दोनशे पेंढ्या मावशीकडं टाकायचं कबूल केलं, वर म्हणाला "फुकट न्हाई हं, शेण माझं."

आणि कागलवाल्यांना मावशीनं विचारायला सांगितलंय, मुरघास किलोला काय दरानं.

---

माळावरचा_गडी (कागल)

मावशीला सांगा दराचं बघू, आधी एक पिशवी न्या, म्हस खाती का बघा. गाडीभाडं तुमचं. रिकामी पिशवी तेवढी परत पायजे.